‘शुगर फ्री’चा डबा आणि माझी हिशेबाची वही

एसटीच्या विभागीय कार्यालयात, हिशेब शाखेत मी ३१ वर्षं काढली. वाहकाच्या भरण्यात दहा रुपयांची तूट निघाली तरी ती सापडेपर्यंत मला चैन पडायचं नाही. निवृत्त झालो, वही काही सुटली नाही. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात चवीचं कौतुक कमी आणि जमाखर्च जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

मला ११ वर्षांपासून मधुमेह आहे. आमची नात, लेकीची मुलगी, पुण्यात असते. दीड वर्षापूर्वी तिला सिलिअ‍ॅकचं निदान झालं; आधी रक्ताची तपासणी, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून. या आजारात गहू-जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन आतड्याला इजा करतं. म्हणून गहू बंद, रवा-मैदा बंद, जव बंद, आणि तेही जन्मभर. तिचा वाढदिवस मे महिन्यात, आणि मे महिना म्हणजे मुक्काम साताऱ्याला आमच्याकडे. गेल्या मे महिन्यात आम्ही केकऐवजी कलिंगडावर मेणबत्त्या लावल्या. सगळ्यांना गंमत वाटली. तिनेही फुंकर मारली, टाळ्याही वाजवल्या, आणि रात्री आजीच्या कुशीत शिरून विचारलं, “आजी, पुढच्या वर्षी खरा केक मिळेल का गं?” त्यामुळे या वर्षी एप्रिलपासूनच शोधाला लागलो. तिला चालेल आणि जमलं तर त्यातला एक तुकडा मलाही खाता येईल, असं काहीतरी हवं होतं.

शोध लागला तो शाहूपुरीतल्या एका घरगुती बेकरताईंचा. नाव-नंबर इथे देत नाही. एकतर त्यांच्याकडे ओव्हन एकच आहे आणि बुधवार-रविवार सोडून त्या भट्टी लावत नाहीत. दुसरं म्हणजे मी खाली दोन-तीन तक्रारीही करणार आहे. त्यांच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ‘नो ग्रेन, नो शुगर’. एप्रिल ते जुलै मिळून माझ्या ११ ऑर्डरी झाल्या. त्यांत मिळून पाच पाव, नानकटाईचे चार डबे, कुकीजचे दोन, खारे क्रॅकर एकदा, राजगिऱ्याचा छोटा केक एकदा आणि वाढदिवसाचा केक. एकूण ₹६,२९०.

आधी त्या ‘नो ग्रेन’चा निकाल लावू. आपल्याकडे धान्य म्हटलं की वाण्याच्या पाटीवरचं सगळं आलं, तूरडाळीपासून तांदळापर्यंत. ताईंच्या हिशेबात फक्त तृणधान्यं वगळलेली आहेत: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ओट्स. बेसन चालतं, कारण ती डाळ. राजगिरा चालतो, कारण तो गवताच्या कुळातला नाहीच, आपल्या माठाच्या भाजीचा भाऊबंद. शिंगाडा तर तळ्यातल्या वेलाचं फळ. भगर मात्र त्यांच्याकडे चालत नाही. उपासाला आपण ती निर्धास्त खातो, पण आहे ते बारीक तृणधान्यच. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच फोनवर पाच मिनिटांत समजावलं, आणि शेवटी म्हणाल्या, “काका, मी काही नवीन करत नाही. आईचं उपासाचं कपाट उघडलं आणि त्यात ओव्हन ठेवला.” मी तिथेच अर्धा खिशात गेलो.

तरी एक सांगायला हवं. गव्हाचा त्रास असणाऱ्या माणसाला ज्वारी-बाजरी वर्ज्य नाही, त्यात ग्लुटेन नसतंच. माझी नात ज्वारीची भाकरी आणि लोणी मजेत खाते. तेव्हा ज्वारीला घराबाहेर काढण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. ती इंटरनेटवरून आलेली फॅशन आहे. ताईंना तसं बोललो. त्या म्हणाल्या, “गिऱ्हाईक मागतं.” बरं.

आता माल. बदामाचा पाव ₹४८०, वजन साधारण अर्धा किलो. पहिल्यांदा आकडा ऐकून आमची ही म्हणाली, “अहो, एवढ्यात लादीपावाची पाटी येईल.” म्हणून मी खर्च मांडला. पाव किलो बदाम, इथल्या बाजारात तेव्हा ९०० रुपये किलो, म्हणजे २२५. चार अंडी २८. इसबगोल, लोणी, दही, खायचा सोडा मिळून ६५. वीज धरून सव्वातीनशे-साडेतीनशेच्या आसपास. शिवाय बदाम गरम पाण्यात घालून सोलायचे, फडक्यावर सुकवायचे, मग दळायचे. हे सोलणं-सुकवणं मी एकदा घरी करून पाहिलंय, त्यामुळे वरच्या दीडशे रुपयांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी तर दळतानाच फसलो. मिक्सर सलग फिरवला, बदामाला तेल सुटलं आणि पिठाऐवजी भांड्यात चिकट लोण्याचा गोळा. थांबत थांबत, दोन-दोन सेकंद फिरवायचं असतं, हे नंतर ताईंकडून कळलं.

हा पाव लादीपावासारखा असेल या आशेने कुणी मागवू नये. तो फुगत नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेनचं लवचिक जाळं तयार होतं आणि हवा त्यात अडकून राहते. इथे ते जाळंच नाही. काय उचलून धरायचं ते अंडी आणि इसबगोल धरतात. त्यामुळे काप जड, ओलसर, केक आणि ढोकळा यांच्या मधला. तव्यावर लोणी न घालता भाजा, बदामाचंच तेल सुटतं आणि कडा खरपूस होतात. त्यावर लसणाची चटणी लावली की मी दुसरं काही मागत नाही. मिसळीबरोबर मात्र घेऊ नका. आम्ही हौसेने घेतला. कटात बुडवताच काप विरघळला आणि वाटीच्या तळाशी रवाळ गाळ बसला. शेवटी चमच्याने खाल्ला. चहात बुडवायला पण तेच.

अंडं चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे बिनअंड्याचा पावही आहे. आमच्या घरी गुरुवार पाळतात, म्हणून एकदा घेतला. बाहेरून छान, मधे कापला तर सुरीला डिंकासारखा चिकटला. इसबगोल जास्त झालं की असंच होतं. तो पाव घेऊ नका. ताईंनीही पुढच्या वेळी स्वतःहून सांगितलं की तो अजून जमत नाही.

कुकीजच्या पहिल्या डब्याची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझी वही त्या डब्यापाशी अडली. बदाम आणि सुक्या खोबऱ्याच्या कुकीज, ₹३२०. डब्यावर गोल हिरवा स्टिकर, त्यावर ‘शुगर फ्री’. मी संध्याकाळी चहाबरोबर तीन खाल्ल्या. खाण्याआधी रक्तातली साखर मोजायच्या मीटरवर ११८, दोन तासांनी २०४. मला वाटलं पट्टी खराब आहे. दुसरी लावली, १९९. फोन केला. “ताई, यात गोडाला काय आहे?” “गूळ आहे काका, एकदम सेंद्रिय. साखरेचा कणही नाही.”

मी काय बोलणार? गूळ म्हणजे साखरेचा सख्खा भाऊ, फक्त अंघोळ न केलेला. दोन्ही एकाच उसाच्या पोटचे. गुळात थोडे क्षार, थोडं लोह राहतं, चवीला तो साखरेला कधीही भारी, सगळं मान्य. पण त्यातला फार मोठा भाग साखरच असते आणि माझ्या रक्ताला रंगातला फरक कळत नाही. ‘रिफाइंड साखर नाही’ असं लिहिलं असतं तर माझी काही हरकत नव्हती, ते खरंच आहे. ‘शुगर फ्री’ ही मात्र वेगळी गोष्ट. आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेच्या नियमाप्रमाणे १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच तो शब्द वापरता येतो. ताईंचा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक बिलावर आहे, म्हणजे माणूस नियम पाळणारा आहे. हा नियम त्यांना माहीत नव्हता. स्टिकर शंभराच्या पाकिटात तयार मिळतात, तसे त्यांनी आणले होते.

मी जरा चढ्या आवाजातच बोललो. त्याबद्दल हिने मला नंतर बोलून घेतलं.

दुसऱ्या कुकीज सूर्यफुलाच्या बियांच्या होत्या. त्या आल्या तेव्हा रंगाने चांगल्या बदामी. सकाळी एक मोडली तर आतून हिरवीगार. मला वाटलं बुरशी. हिने डबा कचऱ्याजवळ नेलासुद्धा. ताईंचा आवाजी निरोप आला, हसत हसत: “काका टाकू नका, ती बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बीमधलं एक द्रव्य सोड्याबरोबर आलं की गार होताना हिरवं पडतं. मीच लिंबू पिळायला विसरले.” थोडं आंबट घातलं की सोड्याचा जोर कमी होतो आणि रंग बदलत नाही. खाल्ल्या, काही झालं नाही. पण असा माल देताना एक चिठ्ठी तरी डब्यात टाकायला हवी होती. नात आल्यावर तिला हे सांगितलं तर ती मागेच लागली, “आबा, मला हिरवीच हवीत!” तिच्यासाठी कुणी मुद्दाम लिंबू विसरायला तयार झालं नाही.

राजगिऱ्याचा आणि खजुराचा केक ₹४२०. चव उत्तम, मऊ, वेलदोडा अगदी बेताचा. वहीत मात्र तो कुकीजच्या शेजारी जाऊन बसला: १२१ वरून १८६. राजगिरा उपासाचा म्हणून आपण हलका समजतो, पण त्याच्या वजनातला साधारण दोन तृतीयांश भाग पिष्टमयच असतो, आणि खजुरातही तेवढीच साखर. उपासाच्या दिवशी आपली साखर का वर जाते हे न उमगणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनी हे वाचून ठेवावं. याउलट बदामाच्या पावाचे दोन काप आणि एक अंडं खाल्लं तर ११५ वरून १३२. बदामात निम्मी चरबी, थोडी प्रथिनं आणि जे पिष्ट आहे त्यात निम्म्याहून जास्त तंतू. उष्मांक मात्र कणकेच्या दीडपटीहून जास्त, तेव्हा साखर चढली नाही म्हणून अख्खा पाव संपवू नये. आणि हे आकडे माझ्या एकट्याच्या बोटाचे आहेत. तुमच्या बोटाला वेगळे येतील.

आता नानकटाई. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो, असं म्हटलं तरी चालेल. बेसन, बदाम, किसून भाजलेलं सुकं खोबरं, साजूक तूप, जायफळ, आणि गोडाला खारकेची पूड. बस. ₹३६० ला १६ नग. डबा उघडला आणि घरात थंडीतल्या डिंकाच्या लाडवांचा वास सुटला. आमची आई कार्तिकात खारका फोडून, बिया काढून, खलबत्त्यात कुटायची तो वास. तोंडात टाकली की आधी तूप, मग बेसनाचा खमंगपणा, आणि गोडी सगळ्यात शेवटी, हळूच. साखरेची नानकटाई तोंडात जाताच गोड लागते आणि संपते; ही खाल्ल्यावर पाच मिनिटांनीसुद्धा जिभेवर असते. टाळ्याला थोडी चिकटते, ते खरं. तळाला एखादी जास्त भाजलेली निघते, कारण बदाम आणि खारीक दोन्ही लवकर लाल होतात. ताई १५० अंशांवर ठेवतात तरी ओव्हनच्या मागच्या कोपऱ्यातल्या चार नेहमी करपतात. मला त्याच आवडतात.

दोन नानकटाया: ११६ वरून १४८. खारकेतही साखर आहेच, फुकट काही नाही. पण ताईंनी वजनं सांगितली. एका नगात पाच ग्रॅम पूड, बाकी तूप, बेसन आणि सुकामेवा. गोड कमी लागतं कारण गोड कमी आहे. बाजारातले बरेच ‘हेल्दी’ पदार्थ मला याच जागी फसलेले वाटतात. साखर काढतात आणि साखरेइतकंच गोड लागावं म्हणून तेवढाच गूळ, मध नाहीतर खजूर कोंबतात. ताईंचंही तेच. जिथे त्यांनी इंटरनेटवरची कुकी करायला घेतली तिथे मी वहीत लाल शाई वापरली, आणि जिथे आईच्या डिंकाच्या लाडवाचा हात लागला तिथे काही खोडायलाच लागलं नाही.

राहिला वाढदिवसाचा केक. साखरेचं मी बघून घेईन, पण नातीच्या बाबतीत थोडंसुद्धा इकडेतिकडे चालत नाही. ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे ज्या चाळणीतून काल कणीक चाळली, तिची नीट न झटकलेली जाळीसुद्धा पुरते. म्हणून मी स्वतः शाहूपुरीत जाऊन स्वयंपाकघर बघून आलो. ओव्हन मागच्या खोलीत आहे. राजगिरा बाहेरच्या गिरणीत न देता घरघंटीवर आणि बदाम मिक्सरवर दळतात, हे फार महत्त्वाचं, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल सांगता येत नाही. पण घर आहे, घरात चपात्या होतात. हे त्यांनी मी विचारायच्या आधी सांगितलं. “काका, सिलिअ‍ॅकवाल्यांना मी हमी देत नाही. धान्य नाही एवढंच म्हणते. तुमचं तुम्ही ठरवा.” मला विचाराल तर अख्ख्या चार महिन्यांत त्या घरातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

लेकीने पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं. मग असं ठरलं की नवा साचा, नवी चाळणी, नवं भांडं, नवा ब्रश मी बाजारातून आणून द्यायचं, आदल्या दिवशी ओटा आणि ओव्हन धुवून घ्यायचा, आणि पहाटे, घरात कणीक भिजवायच्या आधी केक भट्टीत घालायचा. ताईंनी याचे वेगळे पैसे लावले नाहीत. बदामाचं पीठ, कोको, सहा अंडी, खजुराचा लगदा. वर नारळाच्या घट्ट दुधाचा थर आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम संपला होता म्हणून जांभळं. ₹१,१५०. उंची दोन बोटं, मधे किंचित बसलेला. जांभळांमुळे पांढऱ्या थरावर जांभळे ओघळ आलेले. दिसायला दुकानातल्या केकपुढे उभा राहणार नाही.

नातीने दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा झाकून ठेवायला लावला. पुढच्या चार दिवसांत पोटाचं काही झालं नाही. त्यावरून केकमध्ये ग्लुटेन अजिबात नव्हतं असं सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणून सिलिअ‍ॅकच्या रोजच्या खाण्यासाठी मी कुणाला हे घर सुचवणार नाही. वर्षातून एकदा, एवढी तयारी करून, डॉक्टरांशी बोलून, तर हो. मी करंगळीएवढा तुकडा घेतला. मीटर त्या दिवशी कपाटातच राहू दिला.

किरकोळ तक्रारी राहिल्या. खारे क्रॅकर जवसाचे, चवीला बरे, पण कवळी लावणाऱ्याने लांब राहावं. डब्यावर तारीख नसते. एप्रिलमध्ये चाललं, जुलैत, साताऱ्याच्या पावसात, बाहेर ठेवलेल्या पावावर चौथ्या दिवशी पांढरे ठिपके दिसले, आणि या वेळी ती खरीच बुरशी होती. ‘फ्रिजमध्ये ठेवा, पाच दिवसांत संपवा’ एवढं लिहायला काय जातं? घटकांची वजनंही लिहीत नाहीत. ‘शुगर फ्री’चे स्टिकर मात्र आता गेले. परवा आलेल्या डब्यावर पेनाने लिहिलं होतं, ‘साखर नाही, खारीक आहे.’ अक्षर घाईचं होतं, पण मजकूर चोख.

गौरी-गणपतीसाठी नानकटाईच्या चार डब्यांची ऑर्डर देऊन ठेवली आहे. ताई म्हणाल्या, “काका, बदाम वाढलेत, चाळीस रुपये जास्त पडतील.” मी म्हटलं, “वाढवा. पण वजन लिहा.”